मुंबई ते भावनगर : तासाभराचा प्रवास

मुंबई ते भावनगर हे हवाई अंतर सुमारे ३०० किलोमीटर. थेट विमानाला तासभर पुरतो. रस्त्याने मात्र खंभातच्या आखाताला वळसा पडतो आणि अंतर जवळजवळ दुप्पट होते. व्यापारी नजरेला ही बचत लगेच दिसते, मग सकाळी जाऊन रात्री परतण्याचे बेत ठरतात. हिशेब चुकतो तो पुढे. भावनगरहून पालीताणा आणखी ५० किलोमीटर. त्यानंतर शत्रुंजयाच्या साडेतीन हजारांवर पायऱ्या. डोंगरावर अन्न घेण्याची रीत नाही, आणि दिवस मावळण्यापूर्वी उतरावेच लागते. वृद्ध आईसाठी डोली केली, तरी आदीश्वर दादांच्या दरबारात तिला घड्याळ दाखवू नये. परतीचे तिकीट दुसऱ्या दिवसाचेच काढावे. चातुर्मासात तर बेतच नको; यात्रा कार्तिकी पौर्णिमेलाच पुन्हा खुली होते.