तेविसावा नंबर

लायब्ररीत पुस्तकावर ‘होल्ड’ ठेवणं म्हणजे आपल्या भाषेत नंबर लावणं. आपल्याला नंबर लावायची सवय लहानपणापासूनच असते. रॉकेलच्या रांगेत डबा ठेवून घरी जायचं, गॅसचा नंबर लावायचा, दिवाळी अंकांसाठी वाचनालयात नाव नोंदवायचं. त्यामुळे जॉर्जियात आल्यावर संगणकावर बसल्या बसल्या पुस्तकाला नंबर लावता येतो हे कळलं तेव्हा मी अधाशासारखे नंबर लावत सुटले. एका वेळी आठ-दहा तरी असायचेच.

इथल्या व्यवस्थेचं नाव ‘पाइन्स’. जॉर्जियात १५९ कौंटी आहेत, आणि त्यातल्या बहुतेक कौंट्यांमधली सार्वजनिक ग्रंथालयं मिळून एकच कॅटलॉग वापरतात. १९९९ साली हे सुरू झालं. कार्ड एकच, ते राज्यातल्या कुठल्याही सभासद ग्रंथालयात चालतं. दोनशे मैलांवरच्या कुठल्याशा खेड्यातलं पुस्तक आपल्या गावी मागवता येतं, तेही फुकट. (गंमत म्हणजे फुल्टन, डिकाल्ब, कॉब, ग्विनेट या अटलांटाच्या बड्या कौंट्या यात नाहीत. त्यांचा आपापला संसार. म्हणजे या बाबतीत लहान गावातला वाचक शहरातल्यापेक्षा श्रीमंत!)

एवढा पसारा सांभाळेल असं सॉफ्टवेअर त्यांना बाजारात मिळेना, म्हणून राज्याच्या ग्रंथालय विभागातल्या लोकांनी ते स्वतःच लिहिलं. ‘एव्हरग्रीन’ त्याचं नाव. सप्टेंबर २००६ मध्ये ते सुरू झालं, आणि मुक्त असल्यामुळे पुढे इंडियाना, उत्तर कॅरोलिना, कॅनडातला ब्रिटिश कोलंबिया अशा ठिकाणीही गेलं. सरकारी खात्यातल्या चार माणसांनी केलेलं काम इतक्या लांब पोचावं याचं मला फार अप्रूप वाटतं. असो.

तर सांगायचं होतं नंबरांबद्दल. आई सहा महिन्यांसाठी आली होती. ती निवृत्त शिक्षिका, इंग्रजी वाचन दांडगं. आल्या आल्या तिने एका नव्या चरित्राचं नाव सांगितलं. मी माझ्या कार्डावर होल्ड ठेवला. नंबर तेविसावा.

“आणि प्रती किती गं?”

“नऊ.”

आईने मनातल्या मनात हिशोब केला. प्रत्येकाकडे दोन-तीन आठवडे, वर गाडीतून इकडून तिकडे जायचे दिवस. “मिळेल जाण्याआधी,” ती म्हणाली.

पण हा नंबर आपल्या रांगेतल्या नंबरासारखा नसतो. आपल्याकडे तेविसावा म्हणजे बाविसाव्याच्या मागे, विषय संपला. इथे संगणक रोज एकदा प्रत्येक होल्डसाठी कुठलीतरी एक प्रत हेरतो आणि ती जिथे असेल तिथल्या ग्रंथालयाच्या यादीत टाकतो. सकाळी तिथली बाई यादी घेऊन कपाटात शोधते. नाही सापडली तर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावाची पाळी. पण मागणी असलेलं पुस्तक कपाटात कसलं सापडतंय! ते लोकांच्या घरीच असतं. परत येऊन बारकोड वाचला जातो त्या क्षणी संगणक बघतो, ही प्रत आता कोणाला द्यायची?

इथेच खरी मेख आहे. ज्याने आधी मागितलं त्याला द्यायची, की जो जवळ आहे त्याला? आधी मागणारा राज्याच्या दुसऱ्या टोकाला असेल तर गाडी, पेट्रोल, आणि चार दिवस पुस्तक नुसतं खोक्यात. एव्हरग्रीनमध्ये दोन्हींची सोय आहे, जो तो आपल्याला हवं ते निवडतो. शिवाय नव्या पुस्तकाला काही महिने ‘संरक्षण’ देता येतं, म्हणजे ज्या ग्रंथालयाने ते विकत घेतलं त्याच्याच वाचकांना ते आधी मिळतं. मला हे पटतं. एखाद्या लहान कौंटीने तुटपुंज्या पैशातून एक प्रत घ्यायची आणि ती पहिल्या दिवशीच परगावी जायची, तर तिथले लोक पुढच्या वर्षी पैसे कशाला देतील?

माझ्या एका मैत्रिणीने यावरही तोडगा काढला आहे. कुठल्या ग्रंथालयाने जास्त प्रती घेतल्यात ते कॅटलॉगमध्ये बघायचं आणि पुस्तक घ्यायची जागा म्हणून तेच निवडायचं. चाळीस मिनिटं गाडी हाकत जाते बिचारी. नियमात बसतं, पण मला ते रांगेत चप्पल ठेवून जाण्यासारखं वाटतं. त्यापेक्षा मला होल्ड तात्पुरता थांबवून ठेवायची सोय आवडते. आठही पुस्तकं ठरवल्यासारखी एकाच आठवड्यात येतात, तेव्हा चार थांबवायची. आपली जागा जात नाही आणि मधल्या काळात मागचा माणूस वाचून घेतो.

आईचा नंबर अडीच महिन्यांत अकरावर आला. तिच्या परतीला सतरा दिवस उरले होते, आणि अचानक निरोप: पुस्तक आलं आहे. आमच्याच ग्रंथालयाने एक प्रत घेतली होती, ती परत आली आणि तिला संरक्षण होतं. गावात पुढचा नंबर आमचाच.

आईला आनंद होईल असं मला वाटलं. ती म्हणाली, “म्हणजे दहा जणांच्या आधी? त्यांना कळलं का?”

“कोणालाच कळत नाही गं.”

गावी आमच्या वाचनालयातले ग्रंथपाल काका नवं पुस्तक आलं की आईसाठी टेबलाच्या खणात ठेवायचे. ‘बाई, तुमचं काढून ठेवलंय.’ ती आठवण मी करून दिली. “ते वेगळं,” ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, “वेगळं नाही म्हणा. तेव्हा समोर रांग दिसत नव्हती, इतकंच.”

पुढे नंबर असलेलं पुस्तक वाढवून मिळत नाही, पण तो प्रश्न आलाच नाही. साडेचारशे पानं तिने पाच दिवसांत संपवली. दुपारची झोपसुद्धा सोडली. सहाव्या दिवशी सकाळी मला ऑफिसच्या वाटेवर लायब्ररीत जायला लावलं.

तिचे आणखी दोन होल्ड राहिले होते. ती निघाली त्या दिवशी एकाचा नंबर तिसरा होता. मी तो रद्द केला नाही. आठवड्याने पुस्तक आलं. रविवारी फोनवर तिला पहिलं प्रकरण वाचून दाखवायला घेतलं. दहा-बारा पानं झाली असतील.

“किती जण आहेत मागे?” तिने विचारलं.

“सहा.”

“मग उद्या देऊन टाक. इथे कुठे मिळालं तर बघते मी.”