बिऱ्हाड

एकोडीला मामांकडे मी दर उन्हाळ्यात जातो, ते खरे म्हणजे आंबे खायला. यंदा गेलो तेव्हा बांधावरचा जुना आंबा तोडायचे ठरले होते. "आतून पोकळ झालाय. तीन वर्षं मोहोर नाही. लाकूडवाल्याचा इसारही घेतलाय, भाचेबुवा," मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच आंब्याखाली बसलो होतो. घार ओरडल्यासारखा आवाज झाला. वर पाहिले, तर घारीएवढाच एक राखी पक्षी पंख मारीत, मध्येच तरंगत, हेलकावत आला. घार म्हणून मी सोडूनही दिले असते. पण शेपटी चांगली लांब आणि तिचे टोक पांढरे! फांदीवर बसला तेव्हा जाड वाकडी चोच दिसली आणि चोचीवर छोटेसे काळे शिंग. म्हणजे धनेश, राखी धनेश! वर्गात मी मारुती चितमपल्ली शिकवतो. वनाधिकारी म्हणून ते ज्या नवेगावबांधच्या रानात राहिले, ते इथून फार दूर नाही. तरी पुस्तकातला पक्षी झाडावर ओळखायला मला पंचेचाळीस वर्षे लागली.

धनेश खोडाला बिलगला. तिथे ढोलीचे तोंड लिंपून बंद केलेले. मध्ये अरुंद फट. त्याने मान हलवून घशातून एक उंबर काढले आणि फटीत दिले. मग दुसरे. मग तिसरे. आतून चोचीचे टोक तेवढे दिसे.

मी धावत जाऊन मामांना घेऊन आलो आणि सलीम अलींच्या पुस्तकात कधी काळी वाचलेले सारे सांगून टाकले. मादी स्वतःच आत बसते, विष्ठेने दार लिंपून घेते. आत तिची पिसे झडतात, उडता येत नाही. तो आणील तेच तिने आणि पिलांनी खायचे.

मामा काही बोलले नाहीत. शेवटची दोन वर्षे मामी अंथरुणाला खिळून होती. तिला भरवल्याशिवाय मामांनी कधी स्वतःच्या पानाला हात लावला नव्हता. धनेश तीनदा येऊन गेला, तोवर ते उन्हात उभेच होते.

संध्याकाळी सायकल काढून ते लाकूडवाल्याकडे गेले.

परवा दिवाळीला बोलावण्यासाठी फोन केला, तेव्हा हळूच आंब्याची चौकशी केली.

"आहे की उभा," मामा म्हणाले. "बिऱ्हाड गेलं पिलं घेऊन. पण खोलीच पाडली, तर पुढच्या वर्षी बिचारी उतरतील कुठं?"