आडवी रेघ

चार 'यू' ओळीनं दिसले की माझा जीव भांड्यात पडतो. लिनक्सच्या सर्व्हरमध्ये चार हार्ड डिस्क एकत्र बांधलेल्या असल्या की तिथल्या एका छोट्या फाइलमध्ये, चौकटी कंसात, प्रत्येकीचा एकेक 'यू' उमटतो. म्हणजे डिस्क जागेवर आहे आणि कामावर आहे. एखादी गेली की तिच्या 'यू'च्या जागी नुसती आडवी रेघ येते. लातुरातल्या एका संस्थेच्या सर्व्हरवर ही रेघ दिवाळीपासून होती आणि मला फोन आला तो मे महिन्यात. सर्व्हरनं त्याच्या परीनं कळवलं होतं. मेल पाठवला होता. पण गेला तो 'रूट'च्या खात्यात, आणि ते खातं उघडून बघायचं असतं हेच तिथं कुणाला ठाऊक नव्हतं.

मे महिन्यात नांदेडहून लातूरला जायचं तर पहाटेच निघालेलं बरं. लोहा मागे पडेपर्यंत हवा सुसह्य असते. माळेगाव, अहमदपूर, चाकूर करत पुढं सरकावं तसा भेगाळलेल्या काळ्या रानावरून फुफाटा उठायला लागतो. आमच्याकडची सर्व्हर रूम म्हणजे बहुधा जिन्याखालची खोली: खिडकीतला एसी, कोपऱ्यात इन्व्हर्टर, भिंतीला जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. डिस्कच्या पोटात चकती मिनिटाला 7,200 फेरे घेते आणि तिच्यावर वाचणारी सुई काही नॅनोमीटर अंतर राखून तरंगत असते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हे वर्षानुवर्षं बिनबोभाट चालतं, याचंच मला जास्त नवल वाटत आलंय.

तिथं घडलं होतं ते असं. देखभालीला आलेल्या पोरानं ब्लोअर मारून धूळ काढली, स्क्रीनवर रेघ पाहिली आणि तिसरी डिस्क खराब आहे हे बरोबर ओळखलं. मग चालू सर्व्हरमधून '3' आकडा छापलेला ट्रे त्यानं ओढला. पेटीवरचे आकडे मात्र 0पासून सुरू होत होते. '3' म्हणजे चौथी डिस्क, आणि ती ठणठणीत होती. कंसात आता दोन रेघा झाल्या आणि संस्थेचा सगळा कारभार जागच्या जागी थिजला.

"सर, तीन नंबरचीच काढली होती मी," पोरगं पुन:पुन्हा सांगत होतं. ते खरंच होतं.

दोन रेघांनी एवढा अनर्थ का व्हावा? किराणा दुकानाची यादी घ्या. एका ओळीवर तेलाचा डाग पडून आकडा पुसला गेला तरी खालची बेरीज शाबूत असेल तर तो काढता येतो. दोन ओळी पुसल्या की बेरीज असून उपयोग नाही. डिस्क अशा एकत्र बांधायची रेड-5 नावाची मांडणी याच हिशोबावर चालते. फक्त बेरीज एकाच डिस्कवर न ठेवता आळीपाळीनं सगळ्यांवर पसरलेली असते. पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या बर्कलीच्या तिघांनी 1988 साली या मांडणीवरचा शोधनिबंध वाचला तेव्हा त्यांचा रोख होता एका महागड्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क वापरण्यावर. आमच्याकडं आला तो स्वस्तपणा. लक्ष ठेवायचं वाटेतच कुठंतरी राहिलं.

मी पोचेपर्यंत फोनवरून सल्ले येऊन गेले होते. एकाचं म्हणणं, काढलेली डिस्क नवी समजून पुन्हा जोडा. दुसऱ्याचं, संच नव्यानं तयार करा, डेटा आपोआप दिसेल. हा दुसरा सल्ला सगळ्यात घातक. डिस्कचा क्रम किंवा तुकड्यांचं माप जरासं चुकलं तरी सर्व्हर इमानेइतबारे नव्या बेरजा लिहीत सुटतो आणि जे वाचलं असतं तेही पुसून टाकतो. नशीब एवढंच की त्या पोराची छाती झाली नाही. त्यानं सर्व्हर बंद केला आणि खुर्चीत बसून राहिला. त्या दिवसाचं निम्मं काम तिथंच झालं होतं.

मग सुरू होतं ते कंटाळवाणं काम. प्रत्येक डिस्कचा सीरियल नंबर वहीत उतरवायचा, ट्रेवर चिकटपट्टी लावून मार्करनं लिहायचं आणि चारही डिस्कची जशीच्या तशी नक्कल नव्या डिस्कवर काढायची. मूळ डिस्कवर एक अक्षरही लिहायचं नाही. डीडीरेस्क्यू नावाची आज्ञावली आधी सहज वाचता येईल तेवढं वाचून घेते, अडलेल्या जागांची नोंद ठेवते आणि शेवटी एकेका जागेशी झटत बसते. टक्क्याचा आकडा मुंगीच्या पावलानं चढतो. आपण चहा प्यायचा आणि गप्प बसायचं.

"येईल ना हो सर सगळं? प्रवेश तोंडावर आलेत," लिपिक मॅडम दारातूनच विचारून गेल्या. मी नुसती मान हलवली. हो म्हणायची वेळ अजून आलेली नव्हती.

नोंद सापडली नाही तर काय होतं, हे मराठवाड्याला सांगावं लागत नाही. सप्टेंबर 2023मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली ती निजामकाळातल्या कुणबी नोंदी धुंडाळायला. मोडीतली, उर्दूतली दप्तरं निघाली, हैदराबादपर्यंत शोध गेला. ती दप्तरं निदान डोळ्यांना दिसतात, त्यांवरची धूळ झटकता येते. डिस्कवरची नोंद गेली तर मागं साधं जळकं पानसुद्धा उरत नाही.

नकला झाल्यावर मी प्रत्येकीवरचा एक आकडा तपासला. संचात काही घडलं की हा आकडा सगळ्या डिस्कवर एकदम वाढतो; जी बाहेर पडली तिचा तिथंच थांबतो. दोघींचे आकडे सारखे होते. ओढून काढलेली थोडक्यात मागं होती. दिवाळीत गेलेली कितीतरी मागं. इथं मोह होतो तो चारही डिस्क जोडून टाकायचा, पण जुन्या डिस्कवरचा दिवाळीचा हिशोब मेच्या हिशोबात मिसळला तर दोन्ही नासतात. तिला बाजूला ठेवलं. उरलेल्या तीन नकला सक्तीनं जुळवल्या, फक्त वाचण्यापुरत्या उघडल्या. फोल्डरची नावं दिसली तेव्हा मॅडम आत येऊन उभ्या होत्या.

जवळजवळ सगळं मिळालं. एका डिस्कवरच्या काही जागा वाचता आल्या नाहीत, त्यात गॅदरिंगचे काही व्हिडिओ गेले. डिस्क ओढली त्या घटकेच्या पावत्या छापील पावतीपुस्तकावरून पुन्हा भराव्या लागल्या. ठपका मात्र त्या पोरावर ठेवायचा घाट चालला होता, तो मला पटला नाही. त्याचा हात चुकला तो एका घरानं. सहा-सात महिने ती रेघ तशीच ठेवणाऱ्यांचं कुणी नावही काढलं नाही. शिवाय डिस्क चार असोत की चाळीस, रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल रेड सगळीकडून तितक्याच तत्परतेनं पुसतं.

तुमच्या शाळेत, पतसंस्थेत, दवाखान्यात असा सर्व्हर असेल तर एवढं करा. प्रत्येक ट्रेवर आतल्या डिस्कचा सीरियल नंबर चिकटवा. बिघाडाचा मेल रोज फोन बघणाऱ्या माणसाच्या पत्त्यावर वळवा. आणि एक प्रत इमारतीबाहेर ठेवा.