खाचरांतला पूर

२७ जुलै २०१९ ला उल्हास नदी फुगली आणि बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली, हे सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. कर्जतकडे येताना वांगणीनंतरचं स्टेशन शेलू. तिथे पाणी कुठवर चढलं होतं, याचा नकाशा मी पुढे घरबसल्या करायला घेतला.

पावसाळ्यात ढगांमुळे साधी उपग्रहचित्रं बाद. म्हणून सेंटिनेल-१ उपग्रहाचं रडारचित्र घेतलं. साचलेल्या पाण्यावर पडलेल्या रडारलहरी आरशावरून सटकाव्या तशा पलीकडे निघून जातात, त्यामुळे पाणी काळं दिसतं. हा डेटा फुकट, क्लाउडवर ठेवलेला. चार ओळींचा कोड लिहिला की हवा तेवढाच तुकडा समोर येतो. पूर्वी एक चित्र उतरवायला रात्र जायची आणि त्या रात्री निदान शंका तरी यायच्या. इथे काळं तेवढा पूर धरला आणि शेलूपासून नेरळपर्यंत निळा रंग फासून मोकळा झालो.

तो नकाशा गावातल्या एका आजींना दाखवला. त्यांनी मोबाईल हात लांब करून धरला, ओढा शोधला, मग बोट टेकवलं. "अरे बाबा, ही आमची खाचरं. पाणी नसतं तर लावणी काय धुळीत केली असती?"

जुलैअखेर म्हणजे चिखलणी होऊन लावणी उरकत आलेली, बांधांआड पाणी धरलेलं आणि आवणाची पाती जेमतेम पाण्याबाहेर. घरी येऊन तोच कोड २०१८ च्या जुलैअखेरीवर चालवला, तर तिथेही तितकाच 'पूर'. शिवाय मी उचललेलं चित्र होतं पुरानंतर काही दिवसांचं. नदीचं पाणी तोवर केव्हाच ओसरलेलं. आणि माथेरानच्या कड्यांवरही निळे पट्टे! तिथे उभ्या कड्यामागे रडार पोचतच नाही, ती निव्वळ सावली. हे पट्टे मला आधी दिसले होते. कोपऱ्यात आहेत म्हणून नकाशाच कापला होता, हे जास्त लाजिरवाणं.

पाणी कुठवर चढलं हे काढायला जमिनीची उंचीही लागते; तिथेही गोंधळ घातलाच. जीपीएस यंत्रातली कच्ची उंची शेलूत उणे आली. ती समुद्रसपाटीपासून नव्हे, पृथ्वीच्या गणिती आकारापासून मोजलेली असते आणि आपल्या भागात या दोन्हींत साठेक मीटरचा फरक पडतो. तो जुळवला. पण कोपर्निकस या उपग्रह-कार्यक्रमाचं ३० मीटरच्या चौकटींचं उंचीचं मॉडेल २०११ ते २०१५ च्या मोजणीवरचं आहे आणि त्यात जमिनीऐवजी झाडांचे शेंडे नि छपरं येतात. नदीकाठची दाट झाडी मी बांध समजलो. नंतर झालेले इमारतींचे भराव त्यात नाहीत, रुळांखालच्या मोऱ्याही नाहीत. त्यामुळे संगणकातलं पाणी रेल्वेच्या भरावाशी अडून बसतं, खरं पाणी मोरीतून पलीकडे जातं. मोऱ्या प्रत्यक्ष जाऊन नोंदवायच्या राहिल्यात. तोवर नकाशा कुणाला दिलेला नाही.