नॉरिचची कॅनरी

नॉरिच हे शहर मला आधी भेटले ते पुस्तकांतून. ईस्ट अँग्लिया विद्यापीठात १९७० साली सुरू झालेला सर्जनशील लेखनाचा अभ्यासक्रम, त्यातून पुढे आलेले मॅक्युअन आणि इशिगुरो, तिथेच दीर्घकाळ अध्यापन करणारा झेबाल्ड : ही नावे मनात घेऊन मी तिथे काही महिने राहावयास गेलो. फुटबॉलशी माझा संबंध शून्य. परंतु शेजारी राहणारे एक निवृत्त शिक्षक पहिल्याच शनिवारी मला कॅरो रोडच्या मैदानावर घेऊन गेले, आणि सगळे प्रेक्षागार पिवळ्या-हिरव्या रंगात न्हालेले पाहून मी सहज विचारले, हा पक्षी इथे कसा?

नॉरिच सिटी हा संघ १९०२ साली स्थापन झाला तेव्हा त्याचा वेश निळा-पांढरा होता आणि लाडके नाव होते 'सिटिझन्स', म्हणजे नागरिक. या शहरात कॅनरी पाळण्याचे आणि पैदाशीचे मोठेच वेड होते. पक्ष्याच्या एका जातीलाच नॉरिचचे नाव मिळालेले आहे. हळूहळू संघालाही कॅनरी म्हटले जाऊ लागले आणि १९०७ साली वेश बदलून पिवळा-हिरवा झाला. म्हणजे नाव आधी आले, रूप मागाहून. पुढे १९०८ साली मिळालेल्या मैदानाला 'घरटे' हे नाव पडले! एखादे रूपक रूढ झाले की ते आपला संसार कसा थाटते, याचे याहून चांगले उदाहरण अलंकारशास्त्राच्या तासाला मला देता आलेले नाही. आजच्या बोधचिन्हात चेंडूवर कॅनरी बसलेली आहे. शहराचा किल्ला आणि सिंह मात्र एका कोपऱ्यात गेले आहेत.

पण मला खरे गुंतवले ते त्याआधीच्या कथेने. १५६५ साली नॉरिचचा कापडधंदा बसला होता. तो सावरावा म्हणून राणी एलिझाबेथच्या परवानगीने फ्लँडर्स आणि आसपासच्या प्रदेशांतून तीस विणकर कुटुंबे बोलावली गेली. स्पॅनिश सत्तेच्या धार्मिक छळामुळे त्यांच्यामागून आणखी हजारो आली. गावाने त्यांना नाव दिले 'स्ट्रेंजर्स', परके. त्यांनी माग आणले. त्यांच्यातल्याच एकाने शहरातला पहिला छापखाना घातला. आणि परंपरा असे सांगते की, मागाशेजारी टांगलेल्या पिंजऱ्यांतून कॅनरीही त्यांनीच आणल्या. सगळे गोडीगुलाबीने झाले असे नव्हे. १५७० साली या परक्यांना हाकलून देण्याचा कट झाला. तो फसला आणि सूत्रधारांना देहदंड झाला.

तेव्हा गंमत पाहा : 'नागरिक' हे नाव मागे पडले आणि परक्यांचा पक्षी शहराचे चिन्ह झाला. बरे, तो पक्षी तरी कुठला? अटलांटिकमधल्या बेटांवरचा, आणि त्या बेटांचे नाव, प्लिनीच्या म्हणण्याप्रमाणे, तिथल्या कुत्र्यांवरून पडलेले. रानातली कॅनरी पिवळीधमक नसते, हिरवट-करडी असते. तो पिवळा रंग पिंजऱ्यातल्या पिढ्यांनी कमावलेला.

हे सारे मला इतके का लागावे, याचे कारण सांगायला हवे. मी सोलापूरचा, पद्मशाली विणकरांच्या घरातला. घरात तेलुगू, बाहेर मराठी. आणि गेली वीस वर्षे मी मराठीच शिकवतो. नोकरीच्या पहिल्या मुलाखतीत मला गाव विचारले गेले. सोलापूर, मी म्हणालो. "ते झालं हो, पण मूळचे कुठले?" आणि शेवटी, अगदी कौतुकाने, "मराठी चांगलं आहे तुमचं." नोकरी मिळाली, ते वाक्य मात्र अजून माझ्यापाशी आहे. झेबाल्डच्या 'रिंग्ज ऑफ सॅटर्न'मध्ये नॉरिचच्या रेशीम विणकरांविषयी पाने आहेत. ती मी पूर्वी निव्वळ शैलीसाठी वाचली होती. त्या हिवाळ्यात ती पुन्हा वाचली, तेव्हा शैलीकडे लक्षच गेले नाही.

निघताना त्या शिक्षकांनी मला पिवळा-हिरवा मफलर दिला. सोलापुरात आल्यावर आजीने तो हातात घेतला. रंगाकडे तिने पाहिलेही नाही. काठ उलटा केला, अंगठ्याने वीण चाचपली आणि तेलुगूत विचारले, "यंत्रावरचा दिसतोय. त्यांच्याकडे आता हाताने कुणीच विणत नाही का रे?"