डबीवरची नाममुद्रा

तंबोरा जुळविणारा माणूस घोडीवर तारेखाली सुताचा दोरा हळूहळू सरकवीत असतो, तेव्हा तो नेमके काय शोधीत असतो? सूर तर खुंट्या पिळून आधीच लागलेला असतो. तो शोधीत असतो ती जवारी. दोरा योग्य जागी आला की तार घोडीच्या रुंद, किंचित उतरत्या पाठीला पुन्हा पुन्हा चाटून जाते. तिचे साधे कंपन मोडते आणि त्या मोडण्यातून वरचे स्वर पाझरू लागतात. काटेकोर भाषेत बोलायचे तर शुद्ध कंपनात घडवून आणलेला हा एक बिघाडच होय. पण हा बिघाड नसलेला तंबोरा कोणताही गवई मांडीवर घ्यावयाचा नाही.

दोषाला गुण बनविण्याची ही विद्या आपल्याकडे जुनी आहे. विजेच्या गिटारच्या बाबतीत मात्र तिचा जन्म अलीकडचा, आणि तोही अपघाताने झालेला. अमेरिकेतील नॅशविल शहरी मार्टी रॉबिन्स या गायकाच्या 'डोन्ट वरी' या गीताचे ध्वनिमुद्रण चालू असता यंत्रातला एक भाग बिघडला आणि ग्रेडी मार्टिन या वादकाचा स्वर फाटका, घोगरा होऊन उमटला. तो तसाच राहू देण्यात आला. १९६१ साली ते गीत गाजले आणि लोक तो फाटका स्वर मागू लागले. ग्लेन स्नॉडी या ध्वनिमुद्रकाने मग तोच बिघाड हुकमी घडवून आणणारे एक लहानसे सर्किट बांधविले. गिब्सन कंपनीने १९६२ मध्ये ते 'मेस्ट्रो फझ-टोन' या नावाने बाजारात आणले. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्स या इंग्लिश वादकमंडळीच्या एका गीताने त्या डबीचे नाव जगभर केले. वादकाने पायाने दाबावयाची, गिटार व ध्वनिवर्धक यांच्या मधोमध बसणारी ही डबी. तिला 'पेडल' म्हणतात.

तिच्या पोटात घडते ते फारसे गूढ नाही. गिटारच्या पोलादी तारा लोहचुंबकापाशी कंप पावतात, आणि चुंबकाभोवतीच्या वेटोळ्यात विजेची एक क्षीण लाट निर्माण होते. पेडलमधील चिप ती लाट कित्येक पटींनी उंचावते. मग दोन इवलेसे डायोड तिचा माथा छाटून टाकतात. माथा छाटलेल्या लाटेत मूळ स्वराबरोबर वरचे अनेक स्वर मिसळतात, आणि नाद भरदार होऊन रेंगाळतो. जवारीत जे काम घोडीची पाठ करते, ते येथे डायोड करतात असे म्हटले तर पदार्थविज्ञानाचे अध्यापक आमच्यावर फार रागावणार नाहीत, अशी आशा आहे.

या जातीच्या पेडलांत १९७९ च्या सुमारास जपानात जन्मलेली 'आयबानेझ ट्यूब स्क्रीमर' ही हिरवी डबी कुलपुरुषासारखी मानली जाते. तिचे सर्किट सुसुमु तामुरा या अभियंत्याने रचले. गेल्या काही वर्षांत मात्र बाजार भरला आहे तो तिच्या चिमुकल्या नातवंडांनी. चीनमधील शेन्झेन येथे २०१० साली निघालेल्या मूअर कंपनीने अशा लहान पेडलांना प्रसिद्धी दिली. तिच्यामागून अनेक आल्या. लांबी साडेनऊ सेंटिमीटरांच्या आतबाहेर, रुंदी चार-साडेचार. एका हाताच्या मुठीत मावणारी वस्तू. सुटे भाग यंत्राने पट्टीच्या पृष्ठभागावरच चिकटविलेले असतात, म्हणून जागाही वाचते आणि मजुरीही. बॅटरीला आत जागा उरत नाही. नऊ व्होल्टांचा अ‍ॅडॉप्टर बाहेरून जोडावा लागतो. पाय थोडा तिरका पडला तर डबी कलंडते. पण किंमत दोन-चार हजार रुपये! नामांकित पेडलला याच्या कित्येक पट मोजावे लागतात. पूर्वी ज्या नादाची हौस सुखवस्तू घरांतच भागत होती, तो नाद आता विद्यार्थ्याच्या पिशवीत येऊन बसला आहे.

आमच्या घरी तो असाच आला. आमचा पुतण्या फर्मागुडीला अभियांत्रिकी शिकतो. सप्ताहात आमच्या पारात मागे बसून टाळ धरतो आणि एरवी गिटार छेडतो. गोव्यात यात विसंगत असे काहीच नाही. त्याने अशी एक डबी घेतली, आठवडाभर वाजविली, आणि मग स्क्रू काढून तिचे पोट उघडले. भिंग लावून, एकेक सांधा तपासून त्याने तिचे सर्किट कागदावर उतरविले, आणि पाहतो तो काय, मोजके दोन-तीन भाग सोडले तर सारे त्या जपानी हिरव्या डबीचेच! कागद घेऊन तो आमच्या कचेरीत आला.

"काका, ही चोरी म्हणायची का?"

आम्ही काही बोलण्यापूर्वीच त्याने दुसरा प्रश्न टाकला, आणि खरा प्रश्न तोच होता. त्याला स्वतः अशा दहा डब्या बांधावयाच्या होत्या. गावातल्या पोरांना त्या बाजारभावाच्या निम्म्यात देता येतील असा त्याचा हिशेब होता. नाव काय ठेवणार, असे आम्ही विचारताच त्याने एका प्रसिद्ध पेडलचे नाव सांगितले, मात्र त्यातील एक अक्षर बदलून.

पहिल्या प्रश्नाला वकिलाने द्यावयाचे उत्तर सोपे आहे. सर्किटची कल्पना ही कोणाची अनंतकाळची मालमत्ता नव्हे. शोध खरोखर नवा असेल तर त्याला पेटंट मिळते; आपल्या १९७० च्या कायद्यानुसार त्याची मुदत अर्ज केल्यापासून वीस वर्षांची. चाळिशी उलटलेल्या सर्किटवर कधी काळी पेटंट असते, तरी ते केव्हाच संपले असते. सर्किटची आकृती छापून विकली तर त्या चित्रावर कॉपीराइट राहील. पण वीज कोणत्या वाटेने वाहावी या कल्पनेवर तो चालत नाही. येथवर पुतण्याचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या प्रश्नावर मात्र आम्ही त्याला थांबविले. नाव, खूण, ओळखीचे बाह्य रूप यांवर कायदा डोळ्यांत तेल घालून पहारा करतो. एक अक्षर बदलल्याने गिऱ्हाइकाची फसगत टळत नाही. आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपविणे याला आमच्या धंद्यात फार जुने आणि फार वाईट नाव आहे.

या भेदाचे एक बोलके उदाहरण अमेरिकेत घडले आहे. बिल फिनेगन नावाच्या कारागिराने १९९४ पासून सुमारे पंधरा वर्षे 'क्लॉन सेंटॉर' नावाची पेडल हाताने बांधली. एकूण जवळजवळ आठ हजार नग झाले असतील. सेंटॉर म्हणजे ग्रीक पुराणातला अर्धा माणूस, अर्धा घोडा. आपल्या अश्वमुखी तुंबरूचा दूरचा भाऊबंद म्हणा! (तंबोऱ्याचे नाव आपण त्या तुंबरूशीच जोडतो.) सर्किट कोणी उतरवू नये म्हणून फिनेगन आतल्या भागांवर काळ्या राळेसारखा घट्ट थर ओतीत असे. पण जिज्ञासूंनी तो थर खरवडला, सर्किट उघडे पडले, आणि मग मोठ्या-लहान, महाग-स्वस्त, अशा सर्व आकारांच्या प्रतिकृती निघाल्या. त्याच्या मूळ डबीला जुन्या बाजारात आज हजारो डॉलर पडतात. चिमुकली प्रतिकृती थोड्या पैशांत मिळते. २०२४ मध्ये बेहरिंगर या मोठ्या कंपनीने तेच नाव आणि तसेच रूप घेऊन स्वस्त पेडल काढली, तेव्हा फिनेगनने २०२५ मध्ये तेथील न्यायालयात दावा लावला. त्या दाव्याचा रोख नाव, रूप आणि गिऱ्हाइकाची होणारी दिशाभूल यांवर होता. सर्किट तर केव्हाच लोकांचे झाले होते.

कायदा येथे थांबतो. आम्हांला मात्र येथे थांबवेना, कारण पुतण्याच्या हातातील डबी आम्ही उलटसुलट करून पाहिली. तिच्यावर कोणाचेही नाव चोरलेले नव्हते. आणि ज्याच्या बुद्धीचे हे सर्किट, त्याचा उल्लेखही कोठे नव्हता. कायद्याच्या दृष्टीने ती निर्दोष. तरीही तिच्यात काहीतरी उणे होते, आणि त्या उणेपणाला नाव सापडले ते आमच्या कपाटातल्या ग्रंथांत नव्हे, देवळाच्या सभामंडपात.

वास्कोच्या दामोदर सप्ताहात अखंड चोवीस तास भजन चालते. पार बदलतात, चाली बदलतात, तरुण गायक नाट्यगीताच्या वळणाने अभंग म्हणतो तर म्हातारा गायक आपल्या आजाची चाल धरून बसतो. कोणी कोणाची परवानगी मागत नाही. संतांनी शब्दांना कुलूप लावलेले नाही. पण एक गोष्ट कोणी बदलीत नाही. शेवटच्या चरणातील नाममुद्रा. चाल आपली, गळा आपला, ठेका आपला. मुद्रा मात्र कर्त्याची. ज्याला एकही अक्षर वाचता येत नव्हते असा आमच्या गावचा भजनीसुद्धा मुद्रा कधी गाळीत नसे.

ती गाळणारा एक पुरुष परंपरेला ठाऊक आहे, आणि त्याची आठवण ती चांगल्या अर्थाने ठेवीत नाही. सालोमालो नावाचा तुकोबांचा समकालीन त्यांचेच अभंग घेऊन त्यांत स्वतःचे नाव घाली, असे सांगतात. त्याने अभंग गाइले याबद्दल त्याला कोणी दोष देत नाही. ते तर गाण्यासाठीच होते! दोष आहे तो मुद्रा पुसल्याचा. याच्या उलट प्रकारही झाला: पुढच्या काळात कित्येकांनी आपली स्वतःची रचना थोर संताच्या मुद्रेखाली खपविली, आणि ती वेगळी काढताना अभ्यासकांना आजही घाम फुटतो. एकाने दुसऱ्याची कृती आपल्या नावावर घेतली, दुसऱ्याने आपली कृती थोराच्या नावावर चढविली. पुतण्याचे एक अक्षर बदललेले नाव दुसऱ्या वर्गातले. आणि ती निनावी चिनी डबी पहिल्या वर्गाच्या उंबरठ्यावरची.

लेखकाचे कर्तेपण लेखकाला सांगता यावे, हा हक्क आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५७ व्या कलमाने मान्य केला आहे. कृतीचे सारे हक्क विकले तरी हा हक्क उरतो. पण तो साहित्यकृतीला आणि कलाकृतीला. सर्किट रचणाऱ्या अभियंत्याच्या वाट्याला तो येत नाही. तेथे ऋण फेडण्याचे काम माणसाच्या लाजेवरच सोपविलेले आहे.

कोणी म्हणेल, गरिबाच्या पोराला स्वस्तात नाद मिळतो आहे, आणि तुम्ही नावाचा घोळ काय घालता? हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. विजेवर चालणारी तंबोऱ्याची पेटी निघाली तेव्हा जाणकारांनी नाके मुरडली. पण तंबोरा बाळगण्याची ऐपत नसलेल्या कित्येक देवळांत त्या पेटीनेच षड्ज धरून ठेवला आहे. स्वस्त वस्तू सुराला नेहमीच बाधते असे नाही. म्हणूनच आमचे म्हणणे किमतीविरुद्ध नाही. मिरजेच्या कारागिरांनी २०२४ मध्ये आपल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक निर्देशनाची नोंद मिळविली, तिने इतरत्र तंबोरे करण्यास बंदी आली काय? मुळीच नाही. कोठेही तंबोरा करा. मिरजेचा नसेल तर मिरजेचा म्हणू नका, एवढेच ती सांगते. नाव सांगायला पैसा पडत नाही. सुसुमु तामुरा ही अक्षरे कोरल्याने डबी एका रुपयानेही महागली नसती.

पुतण्याला आम्ही हे सारे एका बैठकीत सांगितले, आणि वकिलाच्या सवयीप्रमाणे शेवटी एक आडवा प्रश्नही विचारला: "उद्या तुझी डबी उघडून दुसऱ्याने तशीच केली, तर तुला काय वाटेल?" तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "करू दे ना. पण मी रात्री जागून ती घोगरेपणाची वाट बदलली आहे, ते त्याने सांगावे."

त्याच्या दहा डब्या बांधून झाल्या. एक अक्षर बदललेले ते नाव त्याने टाकून दिले आणि आपल्या आजीचे नाव दिले. आजीला गिटारचा आवाज सहन होत नाही, पण नावाचे कौतुक आहे. डबीच्या तळाशी, जेथे सहसा कोणी पाहत नाही, तेथे त्याने लहान अक्षरांत लिहिले आहे की मूळ सर्किट जपानच्या सुसुमु तामुरा यांचे आणि त्यातील दोन फेरफार आपले. गिऱ्हाइकांपैकी एकानेही ते अद्याप वाचलेले नाही, अशी त्याची तक्रार आहे. आम्ही त्याला सांगितले की मुद्रा ऐकणाऱ्यासाठी असते तितकीच गाणाऱ्यासाठीही असते. त्याला ते पटले की नाही, ठाऊक नाही. पण पुढच्या पाच डब्यांनाही त्याने तळाशी तेच लिहिले आहे.