आडवा बेस

गणेशोत्सवातला ऑर्केस्ट्रा संपला की लोक गायिकेच्या साडीबद्दल बोलतात, ढोलकीवाल्याच्या हाताबद्दल बोलतात, कीबोर्डवाल्याने कुठला पीस खाल्ला तेही कुणीतरी हमखास सांगतं. बेस गिटारवाल्याचं नाव निघत नाही. तो मागे ड्रमच्या अंगाला उभा असतो आणि तो काय वाजवत होता हे तो थांबल्यावरच कळतं, कारण गाणं एकदम उघडं पडतं. न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींत गेली कित्येक वर्षं हे काम माझ्याकडे आहे. दिसत नाही याची मला तक्रार नाही. या वाद्याची ओढ मला लागली तीही ते न बघताच.

आम्ही माहीमला राहायचो. भिंतीपलीकडे एक गोवेकर कुटुंब होतं आणि त्यातले अंकल सिनेमाच्या रेकॉर्डिंगला बेस वाजवायला जात. जुन्या घरांच्या भिंती वरचे सूर बऱ्यापैकी अडवतात, खर्जाला मात्र त्यांच्याकडे उपाय नसतो. त्यामुळे अंकलच्या रेडिओवर काय चाललंय ते आम्हाला कधी कळलं नाही, पण ते रियाजाला बसले की आमच्या फळीवरचे स्टीलचे पेले एकमेकांना लागून किणकिणायचे. आई म्हणायची, "बसले वाटतं." बेसची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली तर सेकंदाला जेमतेम ४१ वेळा हलते. एवढ्या खालचा सूर कानात पोचायच्या आधी पोटात पोचतो. मला तो तसाच पोचला आणि पुष्कळ दिवस मला वाटायचं की हे त्यांच्या घरातलं एखादं यंत्र असावं.

तेव्हा आर. डी. बर्मन यांच्या वादकांत बेसवर टोनी वाझ असत. चरणजित सिंगही बेस वाजवत; पुढे त्यांच्या १९८२च्या एका रेकॉर्डमुळे जगभरात त्यांची चर्चा झाली, तीही जवळजवळ तीस वर्षांनी. अंकल या लोकांविषयी असं बोलत की जणू ते खालच्या मजल्यावर राहतात. ताडदेवच्या फिल्म सेंटरला कुणी काय वाजवलं, कुणाची शिफ्ट किती लांबली, ही त्यांच्या जेवणाच्या टेबलावरची बोलणी. रेकॉर्डच्या पाकिटावर यातलं एकही नाव नसायचं.

अंकल मुळात डबल बेसवाले. तरुणपणी हॉटेलांत जाझ वाजवलेलं. तो माणसाहून उंच लाकडी डबल बेस घेऊन मुंबईत फिरणं म्हणजे काय, हे त्यांच्याकडून ऐकावं. टॅक्सीवाले थांबायचे नाहीत. लोकलच्या लगेजच्या डब्यात कोळणींच्या पाट्यांशेजारी वाद्याला मिठी मारून उभं राहायचं आणि उतरताना "आधी त्याला उतरू द्या" असं ओरडायचं. मग इलेक्ट्रिक बेस आला आणि अंकलनी तो घेतला, पण मन त्यात बसलं नाही. पडदे आडवे येतात म्हणायचे. डबल बेसची पट्टी सपाट असते, बोट जिथे ठेवाल तिथे सूर. सतारीला पडदे आहेत, सरोदला नाहीत, तोच फरक.

त्यांच्या बेसच्या पेटीच्या झाकणाला आतून एक चित्र चिकटवलेलं होतं, कुठल्यातरी परदेशी मासिकातून कापलेलं. एकदा मला म्हणाले, "हें पळय." गिटारसारखा आडवा धरायचा बेस, पण माथ्याला व्हायोलिनची गुंडाळी. अंगावर व्हायोलिनला असतात तशी दोन नागमोडी भोकं, आणि ती वरवर कोरलेली नव्हती. आरपार होती. फोटोतल्या बेसमधून मागचा पडदा दिसत होता. गळ्यावर पडदे नव्हते. नाव ॲम्पेग. त्या काळात परदेशी वाद्य यायचं ते जहाजावरच्या कुणाच्या तरी सामानातून किंवा आखातातून परतणाऱ्याच्या हातून, आणि जे यायचं ते घ्यायचं. अमुकच मॉडेल हवं असं म्हणायची सोय नव्हती. अंकलना तो मिळणार नव्हता हे त्यांना ठाऊक होतं. चित्र मात्र त्यांनी शेवटपर्यंत काढलं नाही. ते गेले तेव्हा मी अमेरिकेत होतो.

१९९८ साली वाय-टू-केच्या कामावर आलो तो एडिसनला. इथे आलेल्या मराठी माणसाला ओक ट्री रोडवर कढीपत्ता आणि मंडळात नाटक मिळतं, त्यामुळे करमत नाही असं म्हणता येत नाही. न्यूयॉर्कला कामाला जायचो. मेट्रोपार्कला गाडी पकडायची, मग रॉवे, मग लिंडन, मग एलिझाबेथ. लिंडन म्हणजे आमच्या लेखी बेवेची रिफायनरी. टर्नपाइकवरून जाताना तिच्या चिमण्या दिसतात, पोरं नाक दाबतात. पुढे ग्रेग हॉपकिन्स आणि बिल मूर या दोघांनी लिहिलेलं ॲम्पेगवरचं पुस्तक हाती आलं आणि त्यात वाचलं की साठच्या दशकात ॲम्पेगचा कारखाना याच लिंडनला होता. माहीमच्या पेटीतलं ते चित्र जिथे घडलं ते गाव माझ्या रोजच्या गाडीच्या थांब्यांपैकी एक निघालं. त्या दिवसापासून शोध सुरू झाला असं म्हणायला हरकत नाही.

ॲम्पेगचा मालक एव्हरेट हल स्वतः डबल बेस वाजवणारा. १९४६च्या सुमाराला त्याने धंदा सुरू केला तोच डबल बेसच्या खालच्या खुंटीत मायक्रोफोन बसवून, म्हणजे ब्रासच्या गोंगाटात बिचाऱ्या बेसवाल्याचा आवाज ऐकू यावा. त्याची सारी माया उभ्या बेसवाल्यांवर. रॉक अँड रोल त्याला अजिबात सोसत नसे. आणि नेमकी त्याच काळात दुनिया दुसरीकडे चालली होती. कॅलिफोर्नियात लिओ फेंडरने १९५१ साली प्रिसिजन बेस काढला होता: लाकडाची भरीव फळी, चार तारा, पडदे, काखेत मारून न्यायचं. डबल बेसवाल्यांची पोटं या फळीने धोक्यात आणली. हलने १९६२च्या सुमाराला प्लास्टिकच्या अंगाचा एक सडपातळ उभा बेस बाजारात आणला, 'बेबी बेस' नावाचा. जाझवाल्यांनी त्याला फारसं विचारलं नाही, न्यूयॉर्कच्या लॅटिन बँडवाल्यांनी मात्र उचलून धरला, आणि साल्सात तो आजही वाजतो.

मग १९६६ साली आला तो चित्रातला. आखणी डेनिस केगर या कारखान्यातल्याच माणसाची. पडदे असलेला तो एईबी-१ आणि नसलेला एयूबी-१. पडदे नसलेला इलेक्ट्रिक बेस एखाद्या कंपनीने रीतसर विकायला काढावा, हे पहिल्यांदाच घडत होतं. त्याआधी १९६१ साली इंग्लंडमध्ये बिल वायमनने एका स्वस्त बेसचे पडदे उपटले होते, पण तो घरगुती उद्योग. हलच्या कंपनीने आपल्या वाद्याला नाव दिलं 'हॉरिझाँटल बेस', आडवा बेस. यातच सगळं आलं. ज्याला आयुष्यभर उभ्या बेसची सवय आहे त्याने हा घ्यावा, त्याला ओळखीची गुंडाळी दिसावी, ओळखीची भोकं दिसावीत, आणि वाद्य टॅक्सीत मावावं. अंकलसारख्यांसाठीच केलेलं वाद्य ते.

पण अंकलसारख्यांनी ते घेतलंच नाही. जाझवाल्यांना ती शेवटी गिटारच वाटली. रॉकवाल्या पोरांना फेंडर हवा होता, नाहीतर मॅकार्टनीच्या हातातला हॉफनर. व्हायोलिनच्या थाटाचं हे भोकाचं प्रकरण त्यांना म्हातारपणाचं वाटलं असावं. त्याच कारखान्याने लांब शिंगांचा एक 'डेव्हिल बेस'ही काढला, बहुधा या पोरांनाच खूश करायला. तो त्याहून कमी खपला आणि मला विचाराल तर दिसायलाही वाईट आहे. १९६७ साली कंपनीची मालकी हलच्या हातून गेली, वर्षभरात तोही बाहेर पडला. आडव्या बेसचं पिकअप बदललं, भोकं आरपार राहिली नाहीत, आणि दशक पालटता पालटता मॉडेल बंद झालं. गंमत अशी की १९७०मध्ये फेंडरने पडदे नसलेला प्रिसिजन आणला, १९७६ साली जॅको पास्टोरियसची पहिली रेकॉर्ड आली, आणि बिनपडद्याच्या बेसवर जग फिदा झालं. तोवर लिंडनवाले दुकान आवरून बसले होते. त्यांच्या बाजूने उभा राहिलेला ठळक माणूस म्हणजे 'द बँड'चा रिक डँको, ॲम्पेगचाच बिनपडद्याचा बेस घेऊन.

संग्राहक मंडळी दुर्मीळ म्हणताना आवाज जरा खाली आणतात, जणू देवाऱ्यातली गोष्ट आहे. दर वेळी मला वाटतं, यांना सांगावं की बाबांनो, हे वाद्य दुर्मीळ आहे कारण ते दुकानात पडून राहिलं. मॅनहॅटनच्या ४८व्या रस्त्यावर तेव्हा वाद्यांची दुकानं ओळीने होती. मॅनीज २००९ साली बंद झालं, त्याआधी मी तिथे बऱ्याचदा उभा राहिलोय. जुने विक्रेते हसायचे. एकाने सांगितलं, असा एक आमच्याकडे इतका काळ टांगलेला होता की शेवटी ॲम्प्लिफायर घेणाऱ्याला वर फुकट दिला. गिटारच्या जत्रांतून पडदेवाला एईबी दोनदा-तीनदा बघायला मिळाला. मला बिनपडद्याचाच हवा होता, आणि पहिल्या साच्यातला, आरपार भोकांचा. बायको म्हणायची, "त्या भोकांतून तुला दिसतं तरी काय?"

पत्ता लागला तो शेवटी ॲम्प दुरुस्त करणाऱ्या एका माणसाकडून. त्याच्या दुकानात ॲम्पेगचे जुने बी-१५ एकावर एक रचलेले असत. या भागात घरोघरी ते निघतात. कुणाचे वडील कारखान्यात होते, कुणाचे काका. तो म्हणाला, लिंडनलाच एक म्हातारा आहे, त्याच्याकडे भोकाभोकांचं काहीतरी आहे.

म्हातारा पोलिश वंशाचा, शनिवारी पोलका आणि रविवारी इटालियन लग्नं वाजवलेला. पाठ गेल्यावर डबल बेस विकून त्याने हा घेतला होता. म्हणजे हलला हवं होतं तसं अगदी मोजूनमापून गिऱ्हाईक! त्याने पलंगाखालून पेटी ओढली. झाकण उघडलं तेव्हा त्या दोन नागमोडी भोकांतून खालचं मखमली अस्तर दिसलं, धुरकट लाल. लाकडाचा रंगही तसाच, कडांना काळा आणि मधे लाल. गळ्याच्या कडेवर, हात धरतो त्या बाजूला, गुलाबी ठिपके होते. बायकोचं नेलपॉलिश, म्हणाला. पडदे नाहीत, लग्नाच्या हॉलमध्ये अंधार, दोन पेग झालेले. सूर सापडायला काहीतरी खूण नको का?

पिकअप कुठे दिसत नाही. ब्रिजच्या पायांखाली धातूचा पातळ पडदा आहे आणि त्याच्या पोटाशी दोन मोठी वेटोळी रेझिनमध्ये गाडून टाकलेली. इतर बेसमध्ये लोहचुंबक तारेचं हलणं टिपतो, इथे ब्रिजची थरथर टिपली जाते, त्यामुळे आतड्याच्या तारा लावल्या तरी वाजतो. मी ॲम्पला जोडून मोकळी तार छेडली. सूर टणकन् उठला नाही. आधी जाड, थोडा आळसटलेला, मग फुगला, मग लवकर विरला. षड्जावरून पंचमाला मींड घेतली. म्हातारा म्हणाला, हे आम्ही असं करत नसू, पुन्हा कर. मी पुन्हा केलं. त्याच्या मुलीने इंटरनेटवर बघून भाव काढून ठेवला होता. त्याने त्यातला एक डॉलर कमी केला नाही, आणि बरोबरच केलं.

हे वाद्य आमच्या ऑर्केस्ट्राला उपयोगाचं नाही, हे पहिल्याच तालमीत कळलं. आमचा तबलजी भला माणूस, पण त्याने दुसऱ्या गाण्यालाच हात थांबवला. "हा तुमचा बेस माझ्या डग्ग्याच्या जागेत येऊन बसतोय," म्हणाला. खरं होतं. पडदेवाल्या साध्या बेसचा ठोका डग्ग्याच्या घुमाऱ्याला वाट देतो, हा देत नाही. दोघेही मींड घेणारे आणि दोघांनाही एकच खोली हवी. शिवाय शाळेच्या जिममध्ये स्पीकरांच्या मागे उभं राहून स्वतःचा सूर ऐकू येत नाही, नेलपॉलिशचे ठिपके तिथे काय करणार. मी माझा जुना जपानी बेस परत नेला. ॲम्पेग रविवारी सकाळी घरी वाजवायचा, हळू आवाजात, जुन्या भावगीतांखाली. स्वयंपाकघरातले पेले इथे काचेचे आहेत, तेही वाजतात.

मागल्या वर्षी एका डबल बेसवाल्या मित्राला विमानाने कार्यक्रमाला जायचं होतं. त्याचं एवढं मोठं वाद्य विमानात चढवायची कटकट ऐकून मी म्हटलं, हा ने. आधी त्याने नाक मुरडलं, गिटार आहे म्हणाला. कार्यक्रमाहून परत आल्यावर त्याने फोन केला आणि तारा कुठल्या लावल्या आहेत, ॲक्शन थोडी वर केली तर चालेल का, असलं बरंच विचारलं. वाद्य परत करायचं काही बोलला नाही. गेल्या महिन्यात तो एका छोट्या क्लबात वाजवत होता म्हणून ऐकायला गेलो, तर ब्रिज थोडा उचललेला, आतड्याच्या तारा चढवलेल्या, आणि मध्यंतरात कुणीतरी विचारलं तेव्हा तो त्या माणसाला या बेसचा सगळा इतिहास सांगत होता, एव्हरेट हलपासून. मला बघून म्हणाला, "अजून दोन कार्यक्रम आहेत रे याच्यावर." ते दोन कार्यक्रम कधीचे झाले. या शनिवारी मीच जाऊन घेऊन येणार आहे, निदान तसं बायकोला सांगितलंय.